मॅट्रनबाईंची तीन बोटं

आमच्या शाळेचा साठ वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी घरी असते म्हणून. समितीच्या पहिल्याच बैठकीत ऑरेलिया काटोबेसी म्हणाली, "देवोताला द्या. दारेसलामला जाऊन इतिहास शिकून आली आणि आता केळी सोलत बसलीय. तेवढाच उपयोग होईल." सगळ्या हसल्या, मीही हसले. ऑरेलियाचं बुकोबात सरोवराकाठी गेस्ट-हाउस आहे. बैठका तिथेच व्हायच्या, आणि नोव्हेंबर असल्यामुळे तळलेल्या सेनेनेची परात दर वेळी मध्ये असायची. हे टोळ आम्हा सगळ्यांनाच आवडतात, मलाही. पण शाळेच्या थोरवीवर बोलत बोलत बायका मूठमूठ तोंडात टाकतात, काढायचा राहिलेला एखादा पंख ओठाला चिकटतो आणि वाक्याबरोबर हलत राहतो. हे एकदा दिसलं की परातीत पुन्हा हात घालवत नाही.

शाळा म्हणजे रुबंझाच्या टेकडीवरची संत एमेरेन्तियाना कन्याशाळा. गोऱ्या सिस्टरांनी बावीस मुलींवर सुरू केली. पुढे सरकारने ताब्यात घेतली, पाटी बदलली, सकाळची प्रार्थना वर्गातून उठून चॅपेलमध्ये गेली. आणखी पुढे ती चर्चला परत मिळाली, पाटी पुन्हा बदलली. एक गोष्ट मात्र दोन्ही राजवटींत तशीच राहिली. सत्राच्या पहिल्या शनिवारी, न्याहारीच्या आधी, मुलींची पोटं दाबून बघायची. याबद्दल एकाही अहवालात एक ओळ नाही. मी सगळे अहवाल वाचले. फळबागेतल्या अॅव्होकॅडोच्या झाडांवर दोन पानं आहेत.

पोटं दाबायच्या त्या जेनेरोझा कोकुबेरवा, आमच्या मॅट्रनबाई. बाई काही शिकलेली नर्स नव्हती. तिशीच्या आत विधवा झाली, दोन लेकरं पदरात, म्हणून सिस्टरांनी चादरी धुवायला ठेवली. आजारी खोली सांभाळणारी एक गोरी सिस्टर होती, तिने जेनेरोझाला हाताशी घेतलं आणि बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं. सिस्टर मायदेशी परत गेली तेव्हा तिचा पांढरा कोट आणि किल्ल्या चादरी धुणाऱ्या बाईकडे आल्या. तिथून पुढे एकतीस वर्षं.

तो शनिवार असा असायचा. दोनशे मुली, अंगात नुसता परकर, व्हरांड्यात रांग. आत लोखंडी खाट, तिच्यावर रबरी कापड. शेजारी एनॅमलचं तसराळं, त्यात कार्बोलिक साबणाचं पाणी. मॅट्रनबाई प्रत्येक मुलीनंतर त्यात हात बुडवत, पण पाणी तेच. शंभराव्या मुलीपर्यंत ते तांदळाच्या धुवणासारखं होई, वर घामाचा आणि खोबरेल तेलाचा तवंग. आपण आडवं व्हायचं. आधीच्या मुलीची ऊब त्या रबरावर असायची. बाई "श्वास सोड" म्हणत, तीन थंडगार बोटं जोडून बेंबीखाली रुतवत, मग बेंबीवर, मग म्हणत, "जा." बास, एवढंच. कुणाला "थांब" म्हटलं, की ती मुलगी दुपारपर्यंत शाळेत नसे.

इतिहासासाठी शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या घरी आलं होतं. त्यात लाल शाईने खोडलेली नावं मी मोजली. एकसष्ट. सगळ्यांपुढे एकच शेरा : दुर्वर्तन.

त्यातलं एक नाव अदवेराचं. १९८३, माध्यमिकचं तिसरं वर्ष. रांगेत ती माझ्या पुढे होती. चार दिवसांआड थंडी वाजून यायची तिला, पण ती कुणाला येत नव्हती? मी दारातून बघत होते. बाईंची बोटं बेंबीच्या वर गेली आणि तिथेच राहिली. पुन्हा दाबलं. मग म्हणाल्या, "थांब."

"मॅट्रनबाई, मला काही नाहीये हो."

"सगळ्या हेच म्हणतात. कपडे घाल."

दुपारी घंटा झाली. शाळेची पद्धत अशी होती, की काढलेली मुलगी डोक्यावर गादी, हातात पत्र्याची ट्रंक घेऊन निलगिरीच्या झाडांमधून फाटकापर्यंत चालत जायची आणि बाकीच्यांनी दोन्ही बाजूंना उभं राहून जपमाळ म्हणायची. तिच्या आत्म्यासाठी. मीही म्हटली, चांगली मोठ्यांदा, कारण सिस्टर आमच्या बाजूला उभ्या होत्या. अदवेराने एकदाच माझ्याकडे बघितलं. तिच्या ट्रंकेत शाळेच्या छापील कागदावर, शिक्का मारून, तिच्या वडिलांच्या नावे पत्र होतं.

वडील नोवातुस, गावातल्या चर्चचे धर्मशिक्षक. त्यांनी पत्र वाचलं, घडी केली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. नऊ महिने गेले, मूल झालं नाही. आता माणसाला वाटेल की लोकांना शाळेची चूक कळली असेल. छे! शिक्का मारलेला कागद खोटा कसा असेल? गावाने बोटांवर महिने मोजले आणि ठरवलं, की पोरीने ते मारलं. आधी नुसती बदनाम होती, आता खुनी झाली. बापाने तिला अंगणातून बाहेर काढलं. आई वारली तेव्हा केळीच्या बागेत तिला पुरताना अदवेरा बाहेर रस्त्यावर उभी होती. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. मी आतल्या बाजूला उभी होते.

समितीने ठरवलं, की आठ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाला, हीरकमहोत्सवात मॅट्रनबाईंचा सत्कार करायचा. भारीपैकी लुगडं, पदक आणि पुस्तकात एक पूर्ण पान. 'हजारो कन्यांची माता' हा मथळा ऑरेलियाने सुचवला. पान भरायला मी मॅट्रनबाईंच्या घरी गेले.

बाई एकोणऐंशीच्या, पाय सुजलेले, डोळे मात्र तसेच, माणसाच्या पोटाकडे बघणारे. त्यांनी चघळायला कॉफीच्या बियांची टोपली पुढे केली. मी एक बी तोंडात टाकली. कार्बोलिकचा वास येईल असं उगाच वाटत राहिलं.

"सत्काराचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "मला तो नको. मला कागद दे."

"कसला कागद?"

"शाळेचा. शिक्का मारलेला. अदवेरा गरोदर नव्हती, असं लिहिलेला."

मी चावता चावता थांबले.

"माझी नात होती," त्या सांगू लागल्या. "अदवेरा गेल्यावर आठ वर्षांनी. सात वर्षांची पोर, पोट हे एवढं. दवाखान्यात नेलं. कंपाउंडर म्हणाला, हिवतापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगलीय, हात लावून बघ आजी. मी हात लावला. देवोता, माझ्या बोटांनी ओळखलं गं. तेच होतं, तसंच दगडासारखं, तीच कड. कंपाउंडर म्हणाला, मूल खालून वर येतं, पानथरी वरून खाली येते, एवढं साधं आहे. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सिस्टरने शिकवलं होतं, कडक लागलं की समजायचं."

"मग तुम्ही शाळेत सांगितलं नाहीत?"

"त्याच दिवशी सांगितलं. तेव्हाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, जेनेरोझा, देव सगळं जाणतो, त्याला कागद लागत नाही."

"आणि तुम्ही पोटं दाबत राहिलात."

"राहिले."

"किती वर्षं?"

"सात. पानथरी लागली की सोडून द्यायचे."

हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की जणू मी शाब्बास म्हणावं. मला उठून जावंसं वाटलं. समोरच्या म्हातारीची कीव येण्याऐवजी मला तिच्या नखांची, तिच्या स्वच्छ धुतलेल्या तळव्यांची शिसारी येत होती. बाई चतुर होती, देवभोळी होती, दोन लेकरं तिने याच कामावर वाढवली होती. म्हणून काय झालं?

पण त्या जे सांगत होत्या ते ऐकणं भाग होतं. अदवेरा आता बाजारात शिवणकाम करते. मॅट्रनबाई तिच्याकडे गेल्या होत्या, चूक कबूल करायला. अदवेराने मशीन थांबवलं नाही. नुसतं म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. बाबा अंथरुणाला खिळलेत, फार दिवस काढणार नाहीत. ते मला घरात घेत नाहीत ते कागदामुळे. तुम्ही कागद दिलात, तुम्हीच कागद आणा. ते जिवंत असेपर्यंत."

मी तो कागद घरी लिहून काढला. चारच वाक्यं : १९८३ साली कुमारी अदवेरा हिची तपासणी चुकली, ती गरोदर नव्हती, शाळेला खेद आहे, शेरा रद्द केला आहे. तो घेऊन मी बैठकीला गेले. मधे परात होतीच.

"अगं बाई," ऑरेलिया म्हणाली, "मेजवानीत मेलेला उंदीर आणून टाकलास."

"एक सही आणि एक शिक्का लागतो," मी म्हटलं.

"एक? आज ती अदवेरा, उद्या बाकीच्या साठ जणी दारात येतील. त्यातल्या खऱ्या कोण, खोट्या कोण, तू दाबून बघणार आहेस?"

बायका खो खो हसल्या. एकीला ठसका लागला, तिने तोंडातलं रुमालात घेतलं. यातल्या प्रत्येकीचं पोट त्याच तसराळ्यातल्या हातांनी दाबलेलं होतं, आणि ती हसत होती.

सध्याच्या मुख्याध्यापिका सिस्टर युदोसिया तरुण आहेत, मऊ बोलतात, सगळं कॉम्प्युटरवर करतात. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "देवोताबाई, तुमची भावना पोचली. फक्त भाषा जरा कठोर झालीय. 'चुकली' म्हटलं की कुणाची चूक, हा प्रश्न येतो. मी उद्या व्यवस्थित करून देते."

"सिस्टर, म्हातारा फार दिवसांचा सोबती नाही."

"म्हणून तर उद्याच देते."

खरंच दिला. छान जाड कागद, वर शाळेचं चिन्ह, खाली जांभळा शिक्का. मधे एकच वाक्य : 'कुमारी अदवेरा नोवातुस हिने सन १९८३ मध्ये तब्येतीच्या कारणास्तव शाळा सोडली.'

मी मॅट्रनबाईंना वाचून दाखवलं.

"तब्येतीच्या?"

"तब्येतीच्या."

"म्हणजे हे खोटं नाही, आणि खरंही नाही."

"सिस्टर म्हणतात, यात सगळं आलं."

"शिक्का तर आहे ना," म्हातारी म्हणाली आणि काठी शोधू लागली. "चल. बाकीचं मी तोंडाने सांगेन."

अदवेराला घेऊन आम्ही तिघी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अदवेरा अंगणाच्या कडेला, केळीची शेवटची रांग संपते तिथेच थांबली. एकतीस वर्षं ती त्या रेषेच्या आत आली नव्हती आणि त्या दिवशीही तिने पाऊल टाकलं नाही. नोवातुस उन्हात खुर्चीवर होते, अंगावर ब्लँकेट, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. मागच्या स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून फेलिसिया कच्ची केळी सोलत बसली होती, शेजारच्या दोन बायका तिच्यासोबत. आम्हाला बघून त्यांचे सुरे थांबले. घरात आलेल्याला आमच्याकडे आधी कॉफीच्या बिया देतात. आम्हाला कुणी दिल्या नाहीत.

म्हाताऱ्याने चष्मा लावला. कागद वाचला. मग पुस्तकातून तो जुना, घड्यांवर पिवळा पडलेला कागद काढून शेजारी धरला. दोन्ही शिक्के ताडून बघितले.

"तब्येत," ते म्हणाले. "पोटाचीच ना तब्येत? जुन्या कागदात तेच आहे. नव्यात जरा लाजून लिहिलंय इतकंच."

मॅट्रनबाई गुडघ्यांवर बसल्या. त्या सुजलेल्या पायांनी त्यांना बसायला किती वेळ लागला ते बघवत नव्हतं. "गुरुजी, चूक माझी झाली. मूल नव्हतंच. पानथरी होती. मला फरक कळत नव्हता. तुमच्या पोरीने काही मारलं नाही. मारायला काही नव्हतंच."

"हे कागदावर आहे?"

"कागदावर त्यांनी लिहिलं नाही. मी सांगतेय ना. ज्या हाताने दाबलं तोच हात सांगतोय."

"तुझ्या हाताला शिक्का आहे का, जेनेरोझा? चाळीस वर्षं मी लोकांची लग्नं, बाप्तिस्मे वहीत लिहिले. तोंडाने माणूस आज एक सांगतो, उद्या दुसरं."

मी बोलायला पुढे झाले, पण त्याआधी मॅट्रनबाईंनी जे केलं ते त्यांनाच सुचू शकत होतं. त्या अदवेराकडे वळल्या. "पोरी, इकडे ये. आडवी हो. इतका जुना हिवताप, पानथरी अजून थोडीतरी लागेलच. गुरुजी, तुम्हीच बोटं ठेवा. मी दाखवते कुठे. वरून खाली येते ती, तुम्हालाही कळेल." आणि त्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला, तीन बोटं जोडलेली.

ही बाई माफी मागायला आली होती आणि तिला दुसरी भाषाच येत नव्हती.

अदवेरा मोठ्याने बोलली नाही. पण मागच्या बायकांपर्यंत शब्द न् शब्द पोचला.

"मॅट्रनबाई, हात खाली घ्या. या पोटाला आता कुणी हात लावणार नाही. तुम्ही नाही, बाबा नाही, पोप आला तरी नाही. दोन मुलगे झाले मला, दोन्ही वेळा सुईणीला मी म्हटलं, लांब बस, निघाल्यावर धर. बाबा, तुम्हाला कागद पटतो ना? मग कागदाला घरात ठेवा. मला काय करायचंय तुमच्या घरात!"

ती गेली मात्र नाही. तिथेच उभी राहिली, त्या रेषेवर, पदराचा शेव मुठीत धरून. म्हाताऱ्याने चष्मा काढला, दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी केली आणि म्हणाला, "मला आत न्या." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. फेलिसियाचा नवरा बाहेर आला आणि बापाला धरून आत घेऊन गेला.

मग अंगणात फक्त सुऱ्यांचा आवाज. फेलिसिया मान वर न करता शेजारणीला म्हणाली, "खोटी बाई पोटाला हात लावू द्यायला नाही म्हणेल, पण ते असं ताठ उभं राहून म्हणणार नाही."

"नाहीच," शेजारीण म्हणाली. "खोटी असती तर आधी रडली असती."

"आणि ती म्हातारी पांढरा कोट घालायची ना, तिला साधी पानथरी कळत नव्हती?"

"कोटाला काय कळतंय!"

फेलिसियाने एक सुरा परकराला पुसला. "अदवेरावन्सं," तिने हाक मारली, "घड मोठा आहे आणि हात कमी. नुसत्या उभ्या राहणार असाल तर मागून या आणि बसा."

अदवेरा घराला वळसा घालून, समोरच्या दाराकडे न बघता मागे गेली. बायकांनी सरकून जागा केली. तिने सुरा घेतला. मी मॅट्रनबाईंना काखेत हात घालून उठवलं. जाताना त्या मागे वळून म्हणाल्या, "पोरी, मी..."

"तुम्ही आता या, मॅट्रनबाई," अदवेरा केळ सोलत म्हणाली. "आणि पुन्हा येऊ नका."

फेलिसियाने त्या दुपारी सासऱ्यापुढे ताट ठेवताना सांगितलं, "आज अदवेरावन्संनी शिजवलंय." हे तिनेच मला नंतर सांगितलं. म्हाताऱ्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "घेवड्यात मीठ कमी आहे." मग ताट संपवलं. पुढचे अकरा दिवस अदवेरा रोज मागच्या दाराने येत होती आणि मीठ बेताने जास्त घालत होती. त्याने तिला एकदाही आत बोलावलं नाही, आणि जा असंही म्हणाला नाही. मेला तेव्हा ती अंगणात होती. पुरताना बागेत उभी होती. बापाने दिलं ते एवढंच, आणि माझ्या मते ते फारच थोडं होतं.

आठ डिसेंबरला बिशप आले, मुली नाचल्या, केक कापला. मॅट्रनबाईंची खुर्ची रिकामी होती, तर ऑरेलियाने माइकवर सांगितलं, की त्या तब्येतीच्या कारणास्तव येऊ शकल्या नाहीत. पदक आणि लुगडं घरी पाठवलं. आता शाळेत पोटं दाबत नाहीत, असं सिस्टर युदोसियांनी मला अभिमानाने सांगितलं. आता मुलींना प्लास्टिकचा पेला देतात आणि संडासाच्या दारात उभं राहून भरलेला परत घेतात.

पुस्तक छापून आलं. पोटं दाबण्यावर मी लिहिलेलं प्रकरण त्यात नाही. त्या जागी 'आकडेवारी' नावाच्या पानावर एक ओळ आहे : 'या काळात एकसष्ट विद्यार्थिनींनी तब्येतीच्या कारणास्तव शाळा सोडली.' शब्द समितीला फारच आवडले होते. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून माझं नाव आहे.

ते घेऊन मी अदवेराच्या दुकानात गेले. जानेवारीच्या प्रवेशासाठी ती संत एमेरेन्तियानाचे निळे स्कर्ट शिवत होती, पंचवीस-तीस तरी समोर रचलेले. मी पान उघडून दिलं. तिने ओळ वाचली, दुसऱ्यांदा वाचली.

"सगळ्यांना एकच आजार?" तिने विचारलं.

"एकच."

ती उठून दाराबाहेर गेली, गटारात थुंकली, परत येऊन मशीनवर बसली. "तुझं नाव आहे यावर."

"आहे."

"जपमाळही तूच मोठ्यांदा म्हणत होतीस."

तिने एक तयार स्कर्ट माझ्या मांडीवर टाकला आणि कंबर उलटी करून दाखवली. आत दोन्ही बाजूंना चांगलं चार-चार बोटं कापड दुमडलेलं होतं, सैल टाके घालून.

"शाळेचं माप मी घेतच नाही," ती म्हणाली. "इतकं आत ठेवते. कुणी तापाने फुगेल, कुणी कशाने. बाहेरून कळता कामा नये. ते टाके उसवायचे कसे, ते मी पोरींच्या आयांना सांगते. बसली आहेस तर सुई घे. आठ राहिलेत."

मी सुई घेतली.